पिकअपची उंची कमी केल्यावर क्रॉस बदलत बसू नका, आधी शाफ्टचा कोन मोजा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांवर बरंच काही येतं, नवीन मॉडेल, ॲव्हरेज, इलेक्ट्रिक गाड्या वगैरे, पण जी पिकअप पहाटे वाशी मार्केटला भाजी भरते आणि उजाडेपर्यंत आख्ख्या मुंबईत वाटते तिच्या पोटाखाली काय चाललंय यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं तर जरूर कापा, फक्त कोन मोजायचा भाग आहे तो ठेवा ही विनंती.

मी कुर्ल्याला प्रॉपेलर शाफ्टचं काम करतो, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे फिरणं नेणारा गाडीखालचा लांब पाइप. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा कोनात वळणारा सांधा) बदलणं, पाइप बदलणं, वेल्डिंग, बॅलन्सिंग असं सगळं. अलीकडे एक तक्रार फार येते, पिकअप मागून खाली केली, म्हणजे तिची मागची उंची कमी केली, आणि तेव्हापासून ६०-७० च्या वर गेली की फ्लोअर थरथरतो, सीटखाली घरघर लागते, गिअरचा दांडा हातात नाचतो. शहरात कळत नाही कारण आपल्याकडे एलबीएस रोडला किंवा जेव्हीएलआरला ३०-४० च्या वर गाडी जाते कधी, पण सायन-पनवेलला लागली किंवा अटल सेतूवर चढली की लगेच कळतं. मग मालक जातो टायरवाल्याकडे, चारही चाकं बॅलन्स करतो, फरक नाही. मग अलाइनमेंट, फरक नाही. मग क्रॉस नवीन, मग सेंटर बेअरिंग (शाफ्टला मधे आधार देणारं) नवीन, मग शाफ्ट काढून आमच्याकडे बॅलन्सिंगला, आम्ही मशीनवर लावतो तर शाफ्ट एकदम ओके. महिन्या-दोन महिन्यांत नवीन टाकलेला क्रॉस परत खडखडायला लागतो, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं, पिनियनचं (शाफ्टचं फिरणं मागच्या डिफरन्शियलमधे नेणाऱ्या दातेरी चाकाचं) बेअरिंग ओरडायला लागतं आणि तोवर गाडीच्या हप्त्याएवढे पैसे गॅरेजात गेलेले असतात. आणि एवढ्या सगळ्यात एकानेही गाडीखाली झोपून कोन मोजलेला नसतो! मला याचा खरंच त्रास होतो, कारण मोजायला अर्धा तास पण लागत नाही.

गाड्या खाली का करतात हे पण सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही फक्त हौशी पोरांची गोष्ट आहे. हौसेने करणारे आहेतच, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेतात आणि लुकसाठी बसवतात. पण धंदेवाले पण आहेत. कोणाची बॉक्स बॉडी उंच झालीय आणि सोसायटीच्या पोडियमला हाइटचा बार लावलाय, कोणाला गाडीवरून वडापाव-चायनीज विकायचंय तर गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा फाळका पाहिजे, कोणाच्या हमालांना गोणी उंच उचलावी लागते. आणि तिसरा प्रकार सगळ्यात मोठा, ज्यांनी काहीच केलेलं नाही पण वर्षानुवर्षं ओव्हरलोड मारून पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सपाट झालेत, किंवा तुटलेला पाटा काढला आणि नवीन टाकलाच नाही. ती गाडी पण खालीच झाली ना. शाफ्टला काय माहीत तुम्ही हौसेने केलीत की लोडने बसली.

आता थरथर येते कुठून ते सांगतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो क्रॉस असतो त्याचा एक जन्मजात स्वभाव आहे, हा क्रॉस कोनात फिरत असेल तर एकसारख्या स्पीडने येणारं फिरणं पलीकडे एकसारखं जात नाही, एका फेऱ्यात दोनदा फास्ट होतं आणि दोनदा स्लो होतं. हे काही माझं संशोधन नाही, रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १७ व्या शतकात हा जॉइंट आणि त्याची ही खोड मांडून ठेवलीय, डिप्लोमाच्या पुस्तकात आजही याला हूक्स जॉइंटच म्हणतात. कोन ३ अंश असेल तर हा चढउतार एका टक्क्याच्या सातव्या हिश्श्याएवढा, कळतसुद्धा नाही. कोन ८ अंश झाला की जवळजवळ एक टक्का, म्हणजे सातपट. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो असं साधारण धरायचं, म्हणून २-३ अंशाला लोक काय फरक पडतो म्हणतात तिथेच सगळा फरक पडतो.

मग कंपनीच्या गाडीत हे का जाणवत नाही? कारण पुढचा क्रॉस जी गडबड करतो ती मागचा क्रॉस उलटी करून मिटवतो. पण त्याला दोन अटी आहेत. एक म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे पाहिजेत, म्हणजे गिअरबॉक्सची बाहेर येणारी लाइन आणि डिफरन्शियलच्या पिनियनची लाइन एकमेकींना समांतर पाहिजेत, मधला शाफ्ट तिरका असला तरी चालतो. दुसरी म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत पाहिजेत. या दोन गोष्टी पाळल्या तर शाफ्ट मधे कसाही वेडावाकडा फिरू दे, पिनियनला फिरणं एकसारखं मिळतं. यातली एक जरी बिघडली तरी तुम्ही सोन्याचा क्रॉस टाका, थरथर जाणार नाही.

गाडी नुसती खाली केली म्हणून कोन बिघडतोच असं नाही हे पण लक्षात घ्या. हौसिंग (मागचा ॲक्सल, ज्यात डिफरन्शियल असतं) आहे तसं सरळ वर आलं, फिरलं नाही, तर दोन्ही कोन सारखेच बदलतात आणि काम भागतं. बिघडतं कधी तर हौसिंग वर येताना थोडं फिरतं तेव्हा. एकच पाटा काढला, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) बदलला, पाटा आणि हौसिंगमधला ब्लॉक तिरका कापला गेला, किंवा पाट्याखालचं हौसिंग पाट्याच्या वर घेताना जुनी सीट (हौसिंगवर पाटा बसतो ती बैठक) घासून नवीन वेल्ड केली आणि ती अंदाजाने केली. अंदाजाने केलेल्या वेल्डिंगला २-३ अंश इकडेतिकडे जायला काय वेळ लागतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत पिनियनचं नाक आभाळाकडे गेलेलं असतं.

कोन मोजायला एक डिजिटल अँगल गेज लागतं, मॅग्नेटवालं, ते नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पण सुरुवातीला चालतं, फक्त मोबाइलचं कव्हर काढा. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी पाहिजे, आणि रोज जेवढा माल असतो साधारण तेवढं वजन हौद्यात पाहिजे. जॅकवर उचलून हौसिंग लटकत ठेवून मोजलं तर ते रीडिंग फेकून द्या, कारण लटकलेल्या हौसिंगचा कोन चालत्या गाडीत कधीच नसतो. उंच करायचीच असेल तर स्टँड हौसिंगखाली लावा, चेसिसखाली नको. मग तीन रीडिंग घ्या, गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचं (शाफ्ट जोडतात त्या चपट्या तबकडीचं), शाफ्टच्या पाइपचं आणि पिनियनच्या फ्लँजचं. तिन्ही वेळा गेज एकाच बाजूने आणि एकाच दिशेने लावा, नाहीतर अधिक-उणेची गल्लत होते आणि अख्खं गणित उलटं येतं. लगतच्या दोन रीडिंगमधला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन.

एक उदाहरण घेऊ. समजा सिंगल शाफ्टची पिकअप आहे, शाफ्ट सव्वा मीटरचा. मूळ गाडीत गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश उतरता, पिनियन परत ३ अंश. म्हणजे दोन्ही क्रॉस २-२ अंशावर, मस्त. आता ती मागून ४ इंच खाली केली. सव्वा मीटरला ४ इंच म्हणजे शाफ्टचा उतार साधारण साडेचार अंशांनी कमी झाला, उरला अर्धा अंश. पुढचा क्रॉस आता अडीच अंशावर आला, ठीक आहे. पण वेल्डिंगमधे पिनियनचं नाक वर गेलं आणि ते रीडिंग ३ चं ६ झालं, म्हणजे मागचा क्रॉस साडेपाच अंशावर. पुढे अडीच, मागे साडेपाच, फरक ३ अंश, आणि चालत्या गाडीत हा फरक १ अंशाच्या आत पाहिजे. झाली की नाही थरथर! आता इथे ४ अंशाची पाचर (पाटा आणि हौसिंगमधे बसणारा उतरता तुकडा) टाकून पिनियनचं नाक खाली आणलं की रीडिंग येतं २, मागचा क्रॉस दीड अंशावर. पुढे अडीच, मागे दीड, म्हणाल अजून एक अंशाचा फरक आहे की. तो मुद्दाम ठेवायचा. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दिला की हौसिंग मागे पिळतं आणि पिनियन वर उचलतो, त्या वेळी हे दोन्ही कोन जुळतात. पाट्यांच्या गाडीला उभ्या स्थितीत पिनियन १-२ अंश खाली ठेवायचा तो यासाठीच.

कोन अगदी शून्य करायचा पण प्रयत्न करू नका. काही जण म्हणतात सगळं सरळ रेषेत आणलं की बेस्ट, पण मग क्रॉसच्या कॅपमधल्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी दाब खाऊन खड्डे पाडतात. अर्धा ते एक अंश तरी पाहिजेच. आणि वरची मर्यादा स्पीडवर ठरते. शाफ्ट २,५०० आरपीएमने फिरत असेल तर जास्तीत जास्त ७ अंश, ३,००० ला साधारण पावणेसहा, ३,५०० ला ५, ४,००० ला सव्वाचार. ही टोकाची मर्यादा झाली, रोजच्या धंद्याच्या गाडीला ३ च्या आत ठेवलात तर क्रॉस वर्षानुवर्षं हात लावू देणार नाही.

ही थरथर कोनाचीच आहे हे कशावरून? ८० च्या स्पीडला पिकअपचं चाक सेकंदाला साधारण १० फेरे मारतं, डिफरन्शियलचा रेशो ४ धरला तर शाफ्ट सेकंदाला ४० फेरे मारतो, आणि कोनाची गडबड फेऱ्याला दोनदा म्हणजे सेकंदाला ८० वेळा. चाकाचा बॅलन्स गेला असेल तर मोठा संथ हादरा येतो, स्टिअरिंग हलतं. शाफ्टचा किंवा कोनाचा असेल तर बारीक, पायाच्या तळव्याला मुंग्या आल्यासारखं आणि कानाला घूंऽऽ असा आवाज. मोकळ्या सपाट रस्त्यावर त्या स्पीडला क्लच दाबून बघा, इंजिनचा आवाज उतरला तरी थरथर राहिली तर इंजिन-क्लचचा दोष नाही. आणि ॲक्सिलरेटर देताना वेगळी, सोडल्यावर वेगळी अशी थरथर बदलत असेल तर पहिला संशय पिनियनच्या कोनावर घ्या. भरलेली गाडी सिग्नलला उचलताना १०-२० च्या स्पीडला गचके देत असेल तर सेंटर बेअरिंगकडे आणि हौसिंगच्या पिळाकडे बघा.

दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग असलेल्या गाडीत मागचे दोन क्रॉस ही जोडी असते. तिथे पिनियन समांतर पाहिजे तो पुढच्या तुकड्याला, आणि पुढचा तुकडा गिअरबॉक्सशी अर्धा-एक अंशावरच राहिला पाहिजे. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली प्लेट टाकून किंवा काढून हे जमवता येतं, पण आधी मोजून. नुसतं बेअरिंगचं रबर बदलून काही होणार नाही, ते रबर बिचारं मार खाणारं आहे, मारणारं नाही.

पाचरेबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण यात जीव अडकलेला असतो. पाचर लोखंडाचीच घ्या, लेथवाल्याकडून मापात करून घ्या, ॲल्युमिनियमची नको, ती लोडखाली चिरडते, तडकते आणि एक दिवस सरकून बाहेर येते. पाटा हौसिंगच्या वर बसणारी गाडी असेल तर पाचरेचं जाड टोक पुढे म्हणजे पिनियनचं नाक खाली, जाड टोक मागे म्हणजे नाक वर. हौसिंग पाट्याच्या वर घेतलेलं असेल तर याच्या बरोबर उलटं. दोन्ही बाजूंना एकाच अंशाची. पाचर आली की सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगच्या भोकात पूर्ण बसतंय का बघा, नसेल तर लांब डोक्याचा बोल्ट घ्या, कारण हौसिंग जागेवर धरून ठेवणारं तेच एक डोकं आहे. यू-बोल्ट जुने परत लावू नका, एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तशी पकड देत नाही. कंपनीच्या टॉर्कला आवळा आणि काही शे किलोमीटर चालवून परत आवळा. एवढं केल्यावर कोन परत मोजा. बरेच जण पाचर टाकून गाडी देतात आणि परत मोजतच नाहीत!

योकची गोष्ट छोटी आहे पण फसवते. स्प्लाइनमधून (शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडातून) शाफ्ट सोडवताना दोन्ही भागांवर पंचने खूण करा, जोडताना ती खूण जुळवा. एक दात इकडेतिकडे झाला तरी दोन्ही टोकांचे योक रेषेतून जातात आणि कोन बरोबर असूनही थरथर येते. गॅरेजमधली पोरं घाईत असतात, खूण करायचं राहून जातं, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं तर दोष कोणाला द्यायचा. शिवाय शाफ्ट आधीपेक्षा सरळ झाला की दोन टोकांमधलं अंतर थोडं कमी होतं आणि स्प्लाइन आत ढकलली जाते. हौद्यात पूर्ण लोड असताना, पाटे दबलेले असताना तिला आत जायला इंचभर तरी जागा उरते का ते बघा, नाहीतर खड्ड्यात शाफ्ट थेट गिअरबॉक्सवर ठोसा मारतो.

ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो त्यांनी तर फारच सांभाळा. तो व्हॉल्व्ह चेसिस आणि हौसिंगमधलं अंतर बघून ठरवतो की गाडीत माल किती आहे. गाडी खाली केली की त्याला वाटतं गाडी भरलीय, मग रिकाम्या गाडीतही तो मागच्या चाकांना पूर्ण प्रेशर देतो आणि पावसात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जाते. थरथर निदान कळते तरी, हे कळत पण नाही. हेडलाइट मागून बसलेल्या गाडीचे वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यात मारतात, तेही परत सेट करावे लागतात.

कायद्याचं पण लिहायलाच पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधे गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-ए खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझ्याकडे कोणी गाडी खाली करू का विचारायला आला तर मी नाहीच सांगतो. ज्यांनी आधीच केलीय त्यांनी मूळ उंचीवर परत आणावी, नवीन पाटे टाकावेत, हा सगळ्यात चांगला इलाज, कोन पण आपोआप जागेवर येतात. पण मूळ उंचीवर आणल्यावर सुद्धा वेल्ड केलेली सीट तिरकीच राहिली असेल तर थरथर तशीच राहणार, मोजणं काही चुकत नाही. आणि ज्याचे पाटे नुसते बसलेत त्या गाडीवाल्याने तर गाडीत मुद्दाम काही बदल केलेला नाही, त्याला कोणी वाऱ्यावर सोडू नये.

मला भीती एका गोष्टीची वाटते. क्रॉस खिळखिळा होऊन चालत्या गाडीत तुटला आणि पुढचं टोक सुटलं तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो, डांबरात रुततो आणि गाडी मागून उचलली जाते. मागचं टोक सुटलं तर तो फिरत फिरत ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी, जे सापडेल ते तोडतो. ईस्टर्न एक्सप्रेसला सकाळी पिकअपच्या मागे-बाजूला किती बाइकवाले असतात तुम्ही रोज बघता. शाफ्टखाली एक लोखंडी लूप लावला तर शाफ्ट निदान जमिनीला टेकत नाही, फार खर्च नाही त्याला, पण मागणारं गिऱ्हाईक मी क्वचितच बघितलंय.

तेव्हा तुमच्या पेपरमार्फत माझं तीन जणांना सांगणं आहे. गाडीमालकांना, कुठल्याही गॅरेजात पाट्याचं किंवा शाफ्टचं काम केलंत तर बिलावर कामाआधीचे आणि कामानंतरचे तिन्ही कोन लिहून मागा, लिहून देत नसेल तर त्याने मोजलेले नाहीत असं समजा. आयटीआयवाल्यांना, मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं आमच्याकडे येतात, त्यांना क्रॉस बदलता येतो पण हे गेज हातात दिलं तर कुठे लावायचं ते कळत नाही, वर्कशॉपमधे एक दिवस गाडीखाली झोपवून हे करून घ्या. आणि आरटीओच्या साहेबांना, धंद्याच्या गाडीची फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होतेच, तेव्हा एकदा खाली वाकून पाट्यांमधे कसली पाचर आहे, यू-बोल्टच्या आट्या दिसतात का, क्रॉस हाताने हलतोय का एवढं बघायला सांगा.

आणि संपादक साहेब, तुमच्या वाहनांच्या पानावर एकदा शाफ्ट, गिअरबॉक्स आणि पिनियनची साधी आकृती कोनांसकट छापा. मी ती कापून दुकानात लावीन आणि आमच्या लाइनीतल्या बाकीच्या गॅरेजवाल्यांना पण नेऊन देईन.

आपला नम्र,
एक शाफ्ट मिस्त्री, कुर्ला (पश्चिम)